दोयरानची मोजपट्टी

सकाळी सातला मी पाणी वाचते.
धक्क्याच्या शेवटच्या खांबाला लोखंडी पट्टी आहे,
पांढरी, काळ्या आकड्यांची,
खालून शेवाळाने गिळत आणलेली.
वहीत तारीख, वारा, आकडा,
आणि शेवटी एक रकाना : शेरा.
तो बहुतेक कोराच जातो.

तळं उथळ आहे. पाच माणसं
एकाच्या खांद्यावर एक उभी केली
तर वरच्याची टोपी कोरडी राहील.
मधून सीमा जाते; पलीकडे ग्रीस.
माशांना ती कुणी दाखवलेली नाही.

माझे वडील, ग्लिगोर, मांड्रा लावायचे :
लव्हाळ्याच्या भिंती, पाण्यात खोल्या, दारं,
आणि मधोमध खांबांवर एक झोपडी, चूल, घोंगडी.
शरदात उत्तरेकडून पाणकावळे येत.
वडील त्यांना धरत,
पंखांची टोकं कापत, फक्त टोकं,
रक्त न काढता, न्हाव्यासारखं.
मग हिवाळाभर पाखरं बुडी मारत,
घाबरलेले मासे एका खोलीतून दुसरीत,
दुसरीतून तिसरीत, जिथे जाळं.
पाखरांना त्यांचा वाटा आधी.
वसंतात नवी पिसं फुटली की दार उघडायचं.
"हिशोब चुकता," वडील म्हणायचे.
पाखरांना कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

मग पाणी जायला लागलं.
आधी हातभर, मग पट्टीभर.
शून्याखाली आकडे नव्हतेच,
मी पुढे चिखलात एक काठी रोवली,
पुढच्या वर्षी तिच्याही पुढे दुसरी,
मग तिसरी, आणि वही घेऊन
इतकी चालले की मागे वळले तर
धक्का कुणा दुसऱ्याच गावचा वाटला.
तळ उघडा पडला. त्यात सापडलं :
एक नांगर, पहिल्या महायुद्धातली काडतुसं,
ट्रेंडाफिलच्या आजोबांची चिलीम
(तो म्हणतो त्यांचीच; आम्ही मानलं).
पलीकडचे आम्हाला पाण्यात पाहत, आम्ही त्यांना,
पाणी उरलं नव्हतं तरी.
प्रत्येकाला ठाऊक होतं, कुठेतरी पाणी मुरतंय.
रात्री दोन्ही काठांवर पंप चालत.

त्या हिवाळ्यातही वडील झोपडीत जाऊन बसले.
खाली वाळू. शिडी लागत नव्हती,
तरी ते शिडीनेच चढायचे.
चूल पेटवायचे, सोबत एक पाव, दोन कांदे.
पाणकावळे आले, वरून एक फेरी मारली,
आणि पुढे गेले.
"अजून येतील," म्हणाले.
कात्रीला तेल लावून ठेवलं होतं.

पाणी परतलं ते वडील गेल्यावर.
डोंगराकडच्या विहिरींतून नळ आला,
मग सलग काही ओली वर्षं.
माझ्या तिन्ही काठ्या एकामागून एक बुडाल्या,
कुठे, ते मला अजून सांगता येईल.

आता तळं संरक्षित आहे. फलक आहे,
त्यावर पाणडुबी, बदक, झोळीच्या चोचीचा पेलिकन.
स्कोप्येहून कालिना येते, अधिकारी,
तिच्या बुटांना आमचा चिखल शोभत नाही, पण ती तो पुसतही नाही.
पंख कापायला बंदी आहे.
पर्यटकांना दाखवायला एक मांड्रा बांधलाय,
रिकामा, नीटनेटका, आत मासा नाही.
तिने विचारलं, वडिलांची कात्री संग्रहालयाला द्याल का?
म्हटलं, शोधते.
ती खणातच आहे. तिने मी
वहीच्या पानांचे कोपरे कापते,
अंगठ्याने ओले झालेले.

आज सकाळी पट्टीवर एक पाणकावळा बसला होता,
दोन्ही पंख उघडून, वाळवत,
टोकापर्यंत पूर्ण पिसं, एकही कमी नाही.
नेमका आकड्यावर त्याचा पंख.
हुसकावता आलं असतं.
मी धक्क्यावर बसले, थर्मासमधला चहा संपवला.
मग लिहिलं :
सात वाजून चाळीस मिनिटं. वारा दक्षिणेचा, मंद.
शेरा : उशीर. पक्षी.